माल जातो, पण पैसा येत नाहीं

वेस्ट इंडीज हें नांव कानावर पडलें कीं आपल्याकडील बहुतेक घरांत प्रथम आठवतें तें क्रिकेट. १९७१ सालीं पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर अजित वाडेकरांच्या संघानें मिळविलेला विजय, आणि त्याच दौऱ्यांत तरुण सुनील गावसकरांनीं काढलेल्या ७७४ धावा, ह्या गोष्टी ज्यांच्या स्मरणांत आहेत त्यांना त्या बेटांचीं नांवें आपल्या गल्लींतील घरांइतकीं परिचित वाटतात. परंतु श्रोतेहो, आज मी आपणांस तेथील मैदानावर नव्हे, तर तेथील एका लहानशा स्वयंपाकघरांत नेणार आहें.

समजा, ग्रेनाडा बेटावर एक बाई राहते. ग्रेनाडाला मसाल्याचें बेट म्हणतात. जायफळ हें तेथील मुख्य पीक, इतकें कीं त्या देशाच्या निशाणावरसुद्धां जायफळ चितारलेलें आहे. २००४ सालच्या आयव्हन वादळांत तेथील जायफळाचीं झाडें मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडलीं. नवें झाड लावून तें फळास येईपर्यंत वर्षांमागून वर्षें जातात. तेव्हां पुष्कळ कुटुंबांना चरितार्थाचा दुसरा मार्ग शोधणें भाग पडलें. आपली ही बाई जायफळाच्या सालीच्या गराचा मुरंबा घालते, बेटावरच्याच कोकोच्या वड्या थापते, आणि त्यांचीं चित्रें इंटरनेटवर लावते. टोरांटो शहरांतील एक गृहस्थ तीं चित्रें पाहतो. त्याचे आईबाप ग्रेनाडाहून कॅनडांत गेलेले. त्याला आजीच्या हातचा मुरंबा आठवतो आणि तो तत्काळ चाळीस अमेरिकन डॉलरची एक पेटी मागवितो. माल तयार आहे, टपाल चालू आहे, गिऱ्हाईक पैसे देण्यास उत्सुक आहे. आणि येथेंच सगळा व्यवहार अडतो. पैसे घ्यावयाचे कसे?

हा प्रश्न ऐकून आपणांस नवल वाटेल. आपल्याकडे भाजीवालीच्या टोपलीलासुद्धां आज तो काळापांढरा चौकोन टांगलेला असतो, व सुट्या पैशांची कटकट आपण विसरूनहि गेलों आहों. पण आपल्या हातून भाजीवालीच्या खात्यांत क्षणार्धांत जाणारा रुपया हा एकाच देशांत, एकाच चलनांत, एकाच मध्यवर्ती बँकेच्या छत्राखालीं फिरत असतो. समुद्र ओलांडावयाचा झाला कीं पैशाची गोष्ट निराळी होते. ही बाई मीं कल्पिलेली आहे. तिची अडचण मात्र कल्पिलेली नाहीं. जमैकांत कॉफी विकणारा, त्रिनिदादमध्यें मिरचीचें तिखट सॉस भरणारा, डोमिनिकांत साबण करणारा, सेंट लुसियांत समुद्रशेवाळ वाळवून विकणारा, ह्या सर्वांना ती थोड्याफार फरकानें भेटतेच.

प्रथम त्या प्रदेशाची घडण लक्षांत घेऊं. कॅरिबियन समुद्रांतील देश लहान लहान आहेत, आणि प्रत्येकाचें, निदान प्रत्येक गटाचें, चलन वेगळें आहे. पूर्वेकडील आठ प्रदेशांनीं मिळून एक समाईक चलन स्वीकारलें आहे. त्यांत सहा स्वतंत्र राष्ट्रें असून अँग्विला व माँटसेराट हीं दोन ब्रिटिश अमलाखालचीं बेटें आहेत. त्या चलनाची मध्यवर्ती बँक १९८३ सालीं स्थापन झाली. तिचें ठाणें सेंट किट्समधील बासेटेर येथें आहे. हा पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ सालापासून एका अमेरिकन डॉलरास २.७० ह्या भावानें बांधलेला आहे. बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकन डॉलरच्या निम्म्या किमतीचा. बहामाचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा. जमैकाचा डॉलर मात्र बाजारभावानें वरखालीं होणारा, व हल्लीं एका अमेरिकन डॉलरास असे दीडशेंहून अधिक डॉलर मोजावे लागतात. एका बेटावरून दुसऱ्या बेटाचा किनारा डोळ्यांनीं दिसावा, आणि तरीहि तेथल्या दुकानदाराचे पैसे चुकविण्यास आधीं अमेरिकेच्या डॉलरची वाट धरावी लागावी, असा हा मामला आहे. ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. कॅरिकॉम ह्या संघांतील देशांनीं १९७७ सालीं आपसांतील येणींदेणीं वळतीं करून घेण्याची एक व्यवस्था उभारली होती. पण एका सभासद-देशाची थकबाकी वाढत गेली आणि १९८३ सालीं ती व्यवस्था कोलमडून पडली.

आतां कार्डानें दिलेला पैसा कसा प्रवास करितो तें पाहूं. कारण तें समजल्यावांचून पुढची अडचण ध्यानांत यावयाची नाहीं. आपल्याकडे पूर्वीं हुंडी चालत असे. पुण्याच्या सावकारानें लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर पटत असे. त्या कागदाला स्वतःची किंमत कांहीं नव्हती. किंमत होती ती दोन पेढ्यांमधील विश्वासाला. कार्डाचा व्यवहार ही त्या हुंडीचीच नवी आवृत्ति आहे. टोरांटोच्या गृहस्थाला कार्ड देणारी एक बँक असते. ग्रेनाडाच्या बाईच्या वतीनें पैसे स्वीकारणारी दुसरी एक बँक असावी लागते. ह्या दोघींच्या मध्यें व्हिसा किंवा मास्टरकार्ड ह्यांच्यासारखी संस्था असते. ती निरोपांची नेआण करते व हिशेब मिटविते. आणि बाईच्या इंटरनेटवरील दुकानाच्या तोंडाशीं एक देवडी असते. तिला पेमेंट गेटवे म्हणतात. गिऱ्हाइकानें टंकलेला कार्डाचा क्रमांक ह्या देवडीवर तपासला जातो व गुप्त लिपींत गुंडाळून पुढें धाडला जातो.

ह्या साखळींतील सर्वांत अवघड कडी कोणती, असें विचाराल तर ती म्हणजे दुकानदाराची बँक. वरवर पाहतां तिचें काम केवळ पैसे जमा करून घेण्याचें. त्यांत तिला भीति कसली? भीति अशी कीं, गिऱ्हाइकाला महिन्या-दोन महिन्यांनीं तक्रार करण्याचा अधिकार असतो. माल मिळाला नाहीं, किंवा कार्ड चोरून वापरलें गेलें, असें त्यानें आपल्या बँकेस कळविलें कीं रक्कम परत ओढून घेतली जाते. तोंवर दुकानदारानें दुकान बंद केलें असेल, तर ती रक्कम त्याच्या बँकेला पदरची भरावी लागते. म्हणजे दुकानदारास कार्ड स्वीकारण्याची मुभा देणें हें बँकेच्या दृष्टीनें त्याला उधारी देण्यासारखेंच आहे. म्हणून बँक त्याची पत तपासते. कंपनीचीं नोंदणीपत्रें, मागील हिशेब, उलाढालीचा अंदाज मागते. अनेकदां अनामत रक्कम अडकवून ठेवावयास सांगते. स्वयंपाकघरांतून नुकताच धंदा सुरू करणाऱ्या बाईकडे मागील हिशेब कुठून असणार? अनामत ठेवण्याइतकी रोकड असती तर तिनें ती बरण्यांत व साखरेंत घातली असती.

ह्यावर कोणी म्हणेल कीं बँका सर्वत्र अशाच असतात. खरें आहे. परंतु ह्या बेटांवरील बँकांच्या स्वतःच्याच पायांत आणखी एक बेडी आहे. कोणत्याहि लहान देशाच्या बँकेला परदेशीं पैसे पाठवावयाचे अथवा तेथून घ्यावयाचे तर न्यूयॉर्क किंवा लंडन येथील एखाद्या मोठ्या बँकेंत खातें ठेवावें लागतें; त्या मोठ्या बँकेला तिची आडतीची बँक म्हणूं. २००८ सालच्या आर्थिक अरिष्टानंतर काळा पैसा व दहशतवाद्यांचा पैसा ह्यांविषयींचे निर्बंध कडक झाले व दंडाच्या रकमा अवाढव्य झाल्या. तेव्हां मोठ्या बँकांनीं सरळ हिशेब मांडला : ह्या चिमुकल्या देशांतून मिळणारी दस्तुरी थोडी, आणि धोका मात्र मोठा, मग हें लोढणें गळ्यांत ठेवा कशाला? त्यांनीं अनेक लहान बँकांशीं असलेले संबंध तोडून टाकिले. जागतिक बँकेनें २०१५ सालीं ह्या प्रश्नाची पाहणी केली, तेव्हां ह्याची सर्वांत अधिक झळ कॅरिबियन प्रदेशाला लागल्याचें दिसून आलें. आपली आडतीची बँक केव्हां पाठ फिरवील ह्या धास्तींत असलेली स्थानिक बँक परदेशी गिऱ्हाइकांचे पैसे घेणाऱ्या अनोळखी दुकानदारास दारांत उभें करण्यास कचरते, यांत नवल नाहीं. एकाचा अविश्वास दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, असा तो उतरत उतरत अखेर त्या मुरंबा करणाऱ्या बाईच्या उंबरठ्यावर येऊन बसतो.

अशा स्थितींत तिच्यापुढें कोणकोणते मार्ग आहेत ते एकेक करून तपासूं.

पहिला मार्ग राजमार्गाचा : स्थानिक बँकेंत व्यापारी खातें उघडावें, त्याला गेटवे जोडावा आणि कार्डें स्वीकारावीं. ह्यांत पैसा आपल्याच देशांतील आपल्याच खात्यांत उतरतो, कायद्याची बाजू स्वच्छ राहते व गिऱ्हाइकालाहि विश्वास वाटतो. अडचण वर सांगितलेलीच : कागदपत्रांचा ढीग, विलंब, अनामत आणि उघडणीच्या व मासिक शुल्कांचा बोजा. शिवाय तयार दुकानें उभारून देणाऱ्या शॉपिफायसारख्या कंपनीची स्वतःची कार्ड-सेवा ह्या देशांत नसल्यामुळें दुकानदाराला बाहेरचा गेटवे जोडावा लागतो, आणि त्याबद्दल तिला वेगळी दस्तुरी मोजावी लागते. ज्याची उलाढाल स्थिर झाली आहे त्याला हा मार्ग उत्तम. ज्यानें काल दुकान मांडलें त्याला तो चढणीचा आहे.

दुसरा मार्ग पेपॅलचा. टोरांटो, लंडन, न्यूयॉर्क येथील गिऱ्हाइकांना हें नांव ओळखीचें असल्यामुळें ते बिनदिक्कत पैसे देतात. पण येथें एक बारीक मेख आहे. खातें उघडतां येणें, पैसे घेतां येणें आणि आलेले पैसे आपल्या गांवच्या बँकेंत उतरवून घेतां येणें ह्या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि देशादेशाप्रमाणें त्यांचे नियम बदलतात. कांहीं ठिकाणीं पैसे पाठवितां येतात, घेतां येत नाहींत. कांहीं ठिकाणीं घेतां येतात, पण ते काढावयाचे तर अमेरिकेंतील बँक-खात्यांत किंवा ठराविक प्रकारच्या कार्डावर वळवावे लागतात. म्हणजे विहिरींत पाणी आहे, पण पोहरा दुसऱ्याच्या घरीं आहे. म्हणून खातें उघडण्यापूर्वीं आपल्या देशापुरती ही तिसरी गोष्ट शक्य आहे काय, हें आधीं पडताळून पाहणें शहाणपणाचें.

तिसरा मार्ग परदेशीं घर करण्याचा. स्ट्राइप ही सेवा जगभरच्या इंटरनेटवरील दुकानदारांना अत्यंत सोयीची वाटते. परंतु जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस ह्यांसारख्या देशांत नोंदलेल्या दुकानदाराला तिचें दार सरळ उघडत नाहीं. तेव्हां कित्येक जण अमेरिकेंत एक कंपनी नोंदवितात, तेथील बँकेंत खातें उघडतात आणि त्या कंपनीच्या नांवानें पैसे स्वीकारतात. युक्ति कायद्याला धरून आहे, पण स्वस्त नाहीं. दरसालची नोंदणी, अमेरिकेंतील करखात्याकडे भरावयाचीं पत्रकें, तीं चुकल्यास होणारा दंड, आणि इकडे आपल्या देशांतील करहि चुकत नाहीं तो नाहींच. महिन्याला दहा पेट्या विकणाऱ्या बाईनें ह्या फंदांत पडावें असें मी म्हणणार नाहीं. हजार पेट्या विकणाऱ्या कारखानदारानें मात्र जाणत्या हिशेबनिसाचा सल्ला घेऊन ह्याचा अवश्य विचार करावा.

चौथा मार्ग बेटांवरच उगवलेला आहे. तेथील पुष्कळ लोकांकडे क्रेडिट कार्ड नाहीं. त्रिनिदादमध्यें लिंक्स नांवाचें स्थानिक डेबिट कार्ड घरोघर असे, पण पुष्कळ वर्षें तें दुकानांतच चाले, इंटरनेटवर चालत नसे. ही उणीव ओळखून तेथें वायपेसारख्या कंपन्या पुढें आल्या. त्यांची कल्पना साधी आहे : गिऱ्हाइकानें नाक्यावरच्या दुकानांत रोकड भरावी, त्याबद्दल एक क्रमांक छापलेली पावती घ्यावी, आणि तो क्रमांक इंटरनेटवरील दुकानांत पैशांच्या जागीं वापरावा. ज्याच्यापाशीं बँकेचें कार्ड नाहीं, त्यालाहि अशा रीतीनें नव्या बाजारांत प्रवेश मिळाला. नवी वस्तु लोकांच्या जुन्या संवयींशीं जुळवून घेते तेव्हांच ती रुजते, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

पांचवा मार्ग म्हणजे मार्ग नसतांना चाललेली वहिवाट. व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्राम ह्यांवर मालाचीं चित्रें दाखवावयाचीं, आणि पैसे बँकेंतून वळते करून अगर माल हातीं पडल्यावर रोख घ्यावयाचे. परदेशचें गिऱ्हाईक असेल तर वेस्टर्न युनियनसारख्या सेवेनें पैसे मागवावयाचे. लहान बेटावर, जेथें सर्वजण एकमेकांना ओळखतात, तेथें ही वहिवाट पुष्कळ काळ सुखानें चालते. पण तिच्यांत ठकबाजीला वाव आहे. पैसे भरल्याच्या पावतीचें खोटें चित्र पाठवून माल उचलणारे भामटे तेथेंहि आहेत आणि येथेंहि आहेत. म्हणून नियम एकच : चित्रावर विश्वास ठेवूं नये, आपल्या खात्यांत रक्कम जमा झालेली स्वतः पाहावी, मगच माल हातावेगळा करावा. तसेंच गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक संदेशांतून किंवा फोनवरून मागून वहींत लिहून ठेवण्याची चूक कोणीहि करूं नये. ती वही म्हणजे उघडी ठेवलेली तिजोरी आहे.

सहावा मार्ग सर्वांत नवा, आणि त्या बाबतींत हीं चिमुकलीं बेटें मोठमोठ्या राष्ट्रांच्या पुढें होतीं, हें कौतुकानें सांगितलें पाहिजे. बहामाच्या मध्यवर्ती बँकेनें २० ऑक्टोबर २०२० रोजीं ‘सँड डॉलर’ नांवाचें सरकारी अंकीय चलन देशभर चालू केलें. शेंकडों बेटांवर विखुरलेल्या देशांत प्रत्येक ठिकाणीं बँकेची शाखा ठेवणें परवडत नाहीं. तेव्हां मोबाइलमध्येंच राजमुद्रेचा पैसा द्यावा, हा त्यामागील विचार. जमैकानें २०२२ सालीं ‘जॅम-डेक्स’ आणलें, व लोकांनीं तें वापरून पाहावें म्हणून पहिल्या एक लाख नागरिकांना प्रत्येकी अडीच हजार जमैकन डॉलर देऊं केले. पूर्व कॅरिबियन बँकेनें ‘डीकॅश’ हें चलन ३१ मार्च २०२१ रोजीं प्रयोगादाखल सुरू केलें. परंतु जानेवारी २०२२ मध्यें ती यंत्रणा बंद पडली आणि पूर्ववत् होण्यास सुमारें दोन महिने लागले. ज्या दुकानदारांनीं लोकांना हौसेनें ‘डीकॅश चालेल’ म्हणून सांगितलें असेल, त्यांची त्या दोन महिन्यांत काय स्थिति झाली असेल, ह्याची कल्पना आपण करूं शकतों. पुढें जानेवारी २०२४ मध्यें तो पहिला प्रयोग आटोपता घेण्यांत आला. पैशाची यंत्रणा ही पाण्याच्या नळासारखी आहे. ती नवी आहे कीं जुनी ह्यापेक्षां ती रोज सकाळीं चालते कीं नाहीं, ह्यावरच माणसें तिची परीक्षा करितात.

शिवाय ह्या सरकारी अंकीय चलनांची एक मर्यादा आहे. तीं देशाच्या वेशीच्या आंत चालतात. टोरांटोच्या गृहस्थाला त्यांचा उपयोग नाहीं. आणि आपल्या बाईचीं चांगलीं गिऱ्हाइकें तर समुद्रापलीकडेच आहेत. १९४८ सालीं ‘एम्पायर विंडरश’ ह्या जहाजानें वेस्ट इंडीजमधील माणसें इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरविलीं, आणि त्यानंतरच्या दशकांत लाखों माणसें इंग्लंड, कॅनडा व अमेरिका येथें गेलीं. त्यांच्या मुलानातवंडांना बेटावरच्या चवीची ओढ आहे, व ती पुरविण्यासाठीं मोजावयाला खिशांत डॉलरहि आहेत. हा बाजार घरचाच आहे. फक्त तो समुद्रापार राहावयास गेला आहे.

आतां थोडें गणित करूं. कारण ह्या विषयांत शब्दांपेक्षां आंकडे अधिक बोलतात. दर निरनिराळे असतात. आपण उदाहरणापुरतें असें धरूं कीं, प्रत्येक व्यवहारास शेंकडा ४ आणि वर ३० सेंट इतकी दस्तुरी पडते. चाळीस डॉलरच्या पेटीवर ही दस्तुरी १ डॉलर ९० सेंट होईल. बाईच्या हातीं ३८ डॉलर १० सेंट येतील. पण कोणी पांच डॉलरची एकच बरणी मागविली, तर दस्तुरी ५० सेंट, म्हणजे किंमतीच्या दशांश इतकी होते. ह्यावरून पहिला धडा असा निघतो कीं, सुट्या वस्तूपेक्षां पेटी विकावी.

दुसरें गणित परत ओढलेल्या रकमेचें. पेटीचा माल, वेष्टण व टपाल मिळून ३० डॉलर १० सेंट खर्च येतो असें समजा. म्हणजे नफा आठ डॉलर. आतां एका गिऱ्हाइकानें तक्रार केली, चाळीस डॉलर परत गेले, आणि वर पंधरा डॉलर दंड बसला. जमा ३८.१०, खर्च ५५ आणि मालाचे ३०.१० : बाईला ४७ डॉलरचा खड्डा पडला. तो भरून काढावयास सहा पेट्यांचा नफा लागेल. म्हणून टपालाची पावती, माल पोंचल्याची नोंद आणि गिऱ्हाइकाशीं झालेला पत्रव्यवहार ही कागदांची अडगळ नसून तिची ढाल आहे. तक्रारीला उत्तर देतांना तोच पुरावा उपयोगीं पडतो.

तिसरें गणित हुंडणावळीचें. परदेशांत साठलेले डॉलर तारेनें आपल्या बँकेंत आणावयाचे तर दर खेपेस ठराविक शुल्क पडतें. तें २५ डॉलर आहे असें धरलें, तर शंभर डॉलर आणतांना चौथा हिस्सा गळून जातो. पांचशें आणले तर विसावा हिस्सा. म्हणून पैसे सांठवून आणावे हें खरें. पण साखर व बरण्या रोज विकत घ्याव्या लागतात, आणि सांठविलेल्या पैशानें आजची साखर येत नाहीं. लहान धंद्याचा श्वास कोंडतो तो तोट्यानें नव्हे, तर पैसा हातीं येण्यास लागणाऱ्या विलंबानें.

ह्या सर्वांचें तात्पर्य काय? माझ्या मतें असा दुकानदार एकाच मार्गावर विसंबून राहूं नये. बेटावरच्या गिऱ्हाइकांसाठीं बँकेंतून वळतें करणें, रोख आणि स्थानिक वॉलेट हे मार्ग ठेवावे. समुद्रापलीकडच्यांसाठीं कार्ड अथवा पेपॅल ठेवावें. आणि उलाढाल वाढेल तसतसें स्थानिक बँकेच्या व्यापारी खात्याकडे वळावें. कोणत्याहि कंपनीशीं करार करतांना चार प्रश्न विचारावे : पैसे कोणत्या चलनांत मिळतील? किती दिवसांनीं मिळतील? किती रक्कम अडकवून ठेवली जाईल? आणि तक्रार आल्यास दंड किती? ह्या चार उत्तरांची बेरीज करून पाहिल्यावांचून जाहिरातींतील शेंकडेवारीला भुलूं नये.

एक क्षुल्लक वाटणारी पण मार्मिक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. इंटरनेटवरील पुष्कळ अर्जांत पिनकोड लिहिल्याशिवाय पुढें जातांच येत नाहीं. ह्या बेटांपैकीं अनेकांवर पिनकोड नाहींतच. तेथील माणूस पत्ता सांगतो तो अमक्या चर्चच्या पलीकडे, तमक्या आंब्याच्या झाडाजवळ. तेव्हां आपलें घर खरें आहे हें यंत्राला पटविण्यासाठीं त्याला कसलेतरी खोटे आंकडे भरावे लागतात! मोठ्या देशांनीं आपल्या मापानें शिवलेला अंगरखा लहान देशांना असा अंगावर चढवावा लागतो.

ह्या कथेंत आपला, आणि विशेषतः मुंबईचा, एक धागा गुंतलेला आहे. ३० मे १८४५ रोजीं ‘फातेल रझाक’ हें जहाज हिंदुस्थानांतील करारबद्ध मजुरांना घेऊन त्रिनिदादच्या किनाऱ्यास लागलें. त्या वंशाची मोठी वस्ती आज त्या देशांत आहे. आणि २०२४ सालीं त्रिनिदाद व टोबॅगोच्या सरकारनें आपल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या परदेशविषयक शाखेशीं करार केला तो आपल्या यूपीआयच्या धर्तीवर तेथें तत्काळ पैसे पोंचविणारी यंत्रणा उभारण्यासाठीं. असा करार करणारा तो पहिला कॅरिबियन देश. ही संस्था मुंबईची, आणि यूपीआयचा जन्म २०१६ सालचा. अर्थात् अशी यंत्रणा प्रथम देशांतर्गत व्यवहार सोपे करील. टोरांटोचा पैसा ती आपोआप आणणार नाहीं. परंतु फेब्रुवारी २०२३ मध्यें भारत व सिंगापूर ह्यांच्या यंत्रणा एकमेकींस जोडल्या गेल्या, हें आपण पाहिलें आहे. दोन देशांच्या यंत्रणा अशा जोडल्या जाऊं लागल्या, तर बेटाबेटांमधील पैशाला न्यूयॉर्कचा वळसा घालण्याची गरज उरणार नाहीं.

आपल्याकडे एके काळीं गिरणगांवांतला कामगार महिन्याच्या महिन्याला कोंकणांत मनीऑर्डर धाडी. पोस्टमन अंगणांत दिसला म्हणजे घरांतल्या म्हातारीच्या तोंडावर जें समाधान उमटे, तें केवळ चार रुपयांचें नव्हतें. दूरच्या माणसाचा हात आपल्यापर्यंत पोंचला, ह्याचें तें समाधान होतें. ग्रेनाडाच्या त्या बाईला कोणाची मदत नको आहे, दान तर नकोच. तिनें माल केला आहे, त्याचें मोल ठरविलें आहे, आणि तें मोल देणारा माणूस तयार आहे. त्या दोघांच्या मध्यें जो समुद्र आहे तो पाण्याचा नाहीं, अविश्वासाचा आहे. पाण्याचा समुद्र टपालाची बोट केव्हांच ओलांडून जाते. दुसरा समुद्र ओलांडून देणें हें बँकांचें, सरकारांचें आणि ह्या नव्या यंत्रणा घडविणाऱ्यांचें काम आहे. आणि तें झालें म्हणजे मुरंब्याची पेटी टोरांटोला पोंचण्यापूर्वींच तिचे पैसे ग्रेनाडाच्या स्वयंपाकघरांत पोंचलेले असतील.